सव्वादोन वर्षांच्या मुलीला विज्ञान संग्रहालयात न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची. घराजवळ पाच-सहा दालनांचं छोटंसं विज्ञान संग्रहालय. आईवडील आणि आजोबा तिला हौसेने घेऊन गेले. ती चेंडू सोडायच्या नळ्यांपाशी अर्धा तास खिळून राहिली, बाकी कशाकडे ढुंकून पाहिलं नाही, अंधाऱ्या दालनाच्या दारातच तिने भोकाड पसरलं आणि पाऊण तासात सगळी वरात घरी. आता आई विचारते आहे, ‘तिला काहीच कळलं नाही, उगाच गेलो. शाळेत जायला लागली की मगच न्यावं का?’

थांबायचं काही कारण नाही. उलट पंधरा दिवसांच्या आत परत न्या, आणि त्याच नळ्यांपाशी न्या.

मी अशाच एका लहान विज्ञान केंद्रात अठरा वर्षं आहे. सुरुवातीला दालनात उभा राहून लोकांना प्रयोग समजावून सांगायचो, आता मांडण्या बनवायचं आणि मोडलेल्या दुरुस्त करायचं काम बघतो. त्यामुळे कोण कशापाशी किती रमतं हे मला चेहऱ्यांपेक्षा मांडणीच्या झिजेवरून जास्त कळतं. सहलीला आलेली दहा वर्षांची मुलं एक बटण दाबतात आणि काही घडायच्या आत पुढच्या बटणाकडे पळतात. अर्धा तास एका जागी उभं राहणारा पाहुणा आमच्याकडे विरळाच. तुमची लेक त्यांतली निघाली आणि तुम्ही खंत करताय.

तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्यापाशी मी थबकलो: ‘चेंडू डावीकडून बाहेर येत होता, तरी ती दर वेळी सरळ खालीच शोधत होती.’ हा वेंधळेपणा नव्हे. ब्रूस हूड या मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये जवळजवळ हाच खेळ प्रयोगासाठी वापरला होता. एका चौकटीला वर तोंडं, खाली खोकी आणि मध्ये एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या, आतलं न दिसणाऱ्या नळ्या. दोन वर्षांच्या आसपासची मुलं चेंडू जिथून सोडला त्याच्या थेट खालच्या खोक्यात हात घालतात. तिथे चेंडू नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतात आणि पुढच्या खेपेला परत तिथेच हात घालतात. सोडलेली वस्तू सरळ खाली पडते, हा नियम त्यांनी घरी हातातला चमचा शंभरदा खाली टाकून स्वतः कमावलेला असतो. समोरच्या नळीपेक्षा त्यांचा त्या नियमावर जास्त भरवसा असतो. हूडने पुढे हेही दाखवलं की व्हिडिओत चेंडू खालून वर जाताना दाखवला, तर मुलं असा सरळ रेषेचा हट्ट धरत नाहीत. म्हणजे घोळ नळीचा नाही, पडण्याचा आहे. तुमच्या लेकीला गुरुत्वाकर्षण कळलं नाही असं नव्हे, जरा जास्तच कळलंय.

आजोबा मागून ‘अगं इकडे, इकडे बघ’ म्हणत होते, असंही तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी त्यांना फक्त चेंडू हातात द्यायचं काम द्या. तिचा हात चुकीच्या खोक्यात जाऊ दे. खोकं रिकामं आहे हे बघून ती क्षणभर थांबते, तेव्हा एकदाच, काही न बोलता, नळीच्या वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत बोट फिरवा. झालं. पुढचा चेंडू तिचा. त्या दिवशी जमेल अशी अपेक्षा धरू नका. बऱ्याच मुलांना हे तिसरं वर्ष उलटल्यावर नीट साधतं. नळी पारदर्शक असेल तर लवकर जमतं, म्हणून आमच्याकडे मी तीनपैकी एक नळी मुद्दाम पारदर्शक बसवली आहे. त्या नळीवर ओरखडे इतके पडलेत की दर दीड-दोन वर्षांनी बदलावी लागते. बाकीच्या दोन जशाच्या तशा आहेत.

‘काहीच कळलं नाही’ हा शब्द मी रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘पाटीवर लिहिलेलं कळलं नाही’ एवढाच असतो. पाटी मोठ्यांसाठी असते, आणि खरं सांगायचं तर तेही ती फारशी वाचत नाहीत. या वयाच्या मुलासाठी संग्रहालयात एकच गोष्ट असते: मी हे केलं की ते होतं. हँडल फिरवलं की दिवा लागतो. थांबलं की विझतो. पुन्हा फिरवलं की पुन्हा लागतो. हे तीसदा करून बघणारं मूल वेळ घालवत नसतं, दर वेळी तेच होतं का हे तपासत असतं. ‘का होतं’ हा प्रश्न पुष्कळ पुढचा आहे, त्याची घाई नको.

संग्रहालय छोटं असण्याबद्दल तुमच्या लिहिण्यात थोडी कुरकुर जाणवली. या वयाला छोटंच बरं. मोठ्या संग्रहालयात एका दालनातून दुसऱ्यात जाईस्तोवर पोराच्या पायातलं त्राण निम्मं संपतं आणि उरलेला वेळ ते कडेवर असतं. शिवाय छोट्या ठिकाणी हाताळायला जे मिळतं ते मोठ्यापेक्षा फार वेगळं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं. तिथे सगळं हात लावून बघायचं होतं. त्या मांडण्या कशा बनवायच्या याच्या कृती त्यांच्या संस्थेने साहित्य आणि आकृत्यांसकट, स्वयंपाकाच्या पुस्तकासारख्या, छापून उपलब्ध करून दिल्या. हवेवर तरंगणारा चेंडू, सावली धरून ठेवणारी भिंत, असल्या गोष्टी कुठल्याही लहान केंद्रात भेटतात त्यात त्या कृतींचा मोठा हात आहे. मी स्वतः सुरुवातीच्या मांडण्या तशाच कृतींवरून ठोकल्या, आणि त्यातल्या दोन अजून चालतात.

त्या तरंगत्या चेंडूपाशी जरूर जा. खालून पंखा हवेचा झोत सोडतो आणि हलका चेंडू त्यावर डुलत राहतो. मोठी माणसं म्हणतात, ‘हवा ढकलते म्हणून वर राहतो.’ पण झोत थोडा तिरका केला तरी चेंडू पडत नाही, ही त्यातली खरी गंमत. चेंडू झोताच्या कडेला सरकला की हवा त्याच्या अंगाला लपेटून बाहेरच्या बाजूला वळते आणि त्या बदल्यात चेंडूला परत मध्ये लोटते. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं, तिला सांगायचं नाही. तिला आधी नुसता झोत द्या, चेंडूशिवाय. तळहात वर धरू दे. केस उडू देत. तोंड पुढे करून हवा खाऊ दे. सगळी मुलं करतात. मग चेंडू तिच्या दोन्ही हातांत द्या आणि तो झोतावर ‘ठेवायला’ सांगा. पहिल्यांदा ती हात सोडतच नाही, कारण हवेवर काही ठेवता येतं यावर तिचा विश्वास नसतो. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या खेपेला एक हात सुटतो, मग दुसरा, आणि मग मूल चेंडूकडे न बघता वळून आईकडे बघतं. त्या वेळी तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले नसाल तर बरं.

डायनासोर, विमानं, रेल्वे यांच्या प्रतिकृतींवर मात्र फार वेळ घालवू नका. छोटी प्रतिकृती म्हणजे मोठ्या वस्तूचं चिन्ह, ही समज या वयात नुकती कुठे येऊ घातलेली असते. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश यांचा १९८७ चा प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. खोलीची छोटी प्रतिकृती करायची, त्यात इवलंसं खेळणं लपवायचं आणि मुलाला सांगायचं की मोठं खेळणं खऱ्या खोलीत त्याच जागी लपलंय. तीन वर्षांची बहुतेक मुलं खऱ्या खोलीत थेट त्या जागी जातात. अडीच वर्षांची बहुतेक भलतीकडेच शोधतात, आणि प्रतिकृतीत खेळणं कुठे होतं हे मात्र त्यांना बिनचूक आठवत असतं. पुढे त्यांनी मुलांना एक ‘आकसवायचं यंत्र’ दाखवून सांगितलं की खोलीच लहान केली आहे. तेव्हा अडीच वर्षांची मुलंही बरोबर शोधू लागली. खोली हीच असेल तर चिन्ह उलगडायचं कामच उरत नाही.

याची दुसरी बाजू तुम्हाला नक्की बघायला मिळेल. २००४ मध्ये डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं की १८ ते ३० महिन्यांची मुलं अधूनमधून गंभीरपणे खेळण्यातल्या इवल्या गाडीत बसायला जातात, पाय आत घालायला बघतात. आमच्या कपाटातल्या टीचभर मोटारीवर बूड टेकायला निघालेली मुलं मी कितीतरी पाहिली. हसू येतं, पण त्या मुलाला हसू नका. ते चेष्टा करत नसतं.

आता बोलायचं काय? जे घडलं तेवढंच, आणि घडल्यावर. ‘फिरलं.’ ‘आवाज आला.’ ‘अरे, गेला कुठे?’ आधी सांगितलं की तिला करून बघायला काही उरत नाही. ‘हे काय आहे सांग बरं? कुठला रंग?’ अशी परीक्षाही नको. परीक्षा सुरू झाली की मूल मांडणीकडे पाठ करून तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधायला लागतं. तिचा शब्द असेल तर तोच वापरा. आमच्याकडे येणारी एक मुलगी चुंबकाला ‘चिक्कट’ म्हणायची. तिच्या वडिलांनी दर वेळी ‘चिक्कट नाही, चुंबक’ अशी दुरुस्ती केली आणि चार वेळांनंतर तिने तो शब्दच सोडला, चुंबक मात्र म्हणाली नाही.

तुमची मुलगी आहे म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्रहालयात आलेल्या कुटुंबांच्या व्हिडिओ-चित्रणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडील मुलींशी बोलत होते, त्यांना मांडणी कशी चालवायची ते दाखवत होते. पण ती तशी का चालते हे समजावून सांगण्याचं प्रमाण मुलग्यांच्या बाबतीत सुमारे तिप्पट होतं. मुलगे प्रश्न जास्त विचारत होते म्हणून नव्हे, न विचारताच सांगितलं जात होतं. आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. ते वाचल्यावर आमच्या दालनात मी आठवडाभर कान देऊन ऐकलं आणि माझंच बोलणं ऐकून ओशाळलो. आत्ता समजावून सांगायचं नाही म्हटलंय ते सव्वादोन वर्षांसाठी. ती चार वर्षांची होईल तेव्हा हे आठवा.

अंधाऱ्या दालनाचं. रडणारं मूल आत नेऊन ‘बघ, काही नाहीये’ म्हणू नका. दारात, उजेडात, तिला कडेवर घेऊन उभे राहा, तुम्ही आत बघा, आणि तिने मान फिरवली की निघा. तीन-चार भेटींत ती आपणहून एक पाऊल आत टाकेल, किंवा टाकणार नाही. तारांगण असेल तर हा विषयच काढू नका. दारं बंद, अंधार, मोठा आवाज आणि अर्धा-पाऊण तास उठायची सोय नाही: या वयाला न मानवणारं सगळं एकाच ठिकाणी गोळा झालंय.

या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी व्हॅन डी ग्राफ जनित्र, म्हणजे केस उभे करणारा तो धातूचा मोठा गोळा, दाखवत होतो. पुढे एक लहान मुलगा उभा होता. त्याची आई ‘नको’ म्हणत होती आणि मी फुशारकीने ‘काही होत नाही, बोट लावू दे’ म्हणालो. ठिणगी बसली. इजा काही झाली नाही, पण त्यानंतर कित्येक महिने ते मूल आमच्या फाटकातच रडायला लागायचं. तेव्हापासून मी लहान मुलांना त्या गोळ्याच्या आसपास येऊ देत नाही, आणि तुमच्याकडे तो असेल तर तुम्हीही नेऊ नका. अचानक गर्जना करणारा डायनासोर असेल तर त्याची वेळ काउंटरवर विचारून घ्या आणि त्या वेळी दुसरीकडे राहा.

मात्र लहान मुलांना सगळ्यांत जास्त रडवणारी वस्तू दालनात नसतेच, ती स्वच्छतागृहात असते: हात वाळवायचं यंत्र. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने मुलांच्या कानाच्या उंचीवर या यंत्रांचा आवाज मोजला, आणि काही यंत्रं १०० डेसिबलच्याही वर गेली. २०१९ मध्ये तिचा हा अभ्यास बालरोगाच्या नियतकालिकात छापून आला. आपल्याबरोबर पंचा ठेवा. हात मात्र निघताना साबणाने धुवाच; आमच्या हँडलांना दिवसभरात किती जणांची बोटं लागतात हे आम्हाला ठाऊक आहे.

उंचीचा विचार कुणीच करत नाही. दोन वर्षांचं मूल साधारण ८५ ते ८७ सेंटीमीटरचं. म्हणजे डोळे जेमतेम पाऊण मीटरवर. आमची बहुतेक टेबलं शाळकरी मुलांच्या बेताची. तुमच्या लेकीला अनेक मांडण्यांची फक्त खालची फळी आणि स्क्रू दिसले असतील. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये, वस्तू बघण्यासाठी वाकणाऱ्या, ओणवं होणाऱ्या माणसाची छायाचित्रं छापून दाखवलं होतं की संग्रहालयात माणूस थकतो तो बऱ्याच अंशी वाईट मांडणीमुळे. शंभराहून जास्त वर्षं झाली, आम्ही अजून सुधारतोय. तोवर तुम्ही एक करा: दालनात शिरल्यावर आधी स्वतः गुडघ्यांवर बसा आणि तिथून काय दिसतं ते बघा. जे दिसतं तिथेच जा. काउंटरवर पायरीचं स्टूल मागा. बऱ्याच ठिकाणी असतं, फक्त कोपऱ्यात पडलेलं असतं.

वेळ म्हणाल तर झोप झाल्यावर, पोट भरल्यावर, आणि उघडल्या उघडल्या. फोन करून ‘आज शाळेची सहल आहे का’ एवढं विचारा. चाळीस मिनिटं धरून चला. ती रमलेली असताना बाहेर काढायचं तर ‘अजून तीन चेंडू, मग बाय बाय’ असं सांगा आणि तीनच सोडा. वर्षाचा पास मिळत असेल तर घ्या. पैसे वाचतात हे आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे ‘तिकीट काढलंय तर सगळं बघूनच जाऊ’ हा हट्ट तुमच्या डोक्यातून जातो.

दातेरी चाकं जिथे उघडी असतील तिथे तिचं बोट तुमच्या हाताच्या अंतरात असू दे. मोठ्या मुलांनी जोरात फिरवलेलं हँडल तिच्या तोंडाच्या उंचीला येतं. हा अपघात आमच्याकडे बाकी सगळ्या अपघातांपेक्षा जास्त होतो. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावेल अशी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, खेळण्यांच्या तपासणीत हेच माप वापरतात. बाहेर पडताना विक्रीच्या टेबलावर चकचकीत चुंबकगोळ्या असतील तर त्या अजिबात घेऊ नका. असे दोन जोरदार चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता सरळ रुग्णालय गाठायचं.

आणि घरी पोचल्यावर तिचे खिसे बघा. नळ्यांचे चेंडू आमच्याकडे दर महिन्याला दोन-तीन तरी असेच कुणाच्या तरी खिशातून जातात. सापडला तर पुढच्या भेटीत तिच्याच हाताने काउंटरवर परत द्या. आम्ही रागवत नाही, आमच्याकडे ते कायमच कमी असतात.